खंडेनवमीला उघडलेली सायकल

लखनौमध्ये बँकेतल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं सायकलवरून कामावर जायचं म्हणजे तिच्या घरी काहीतरी वाईट घडलंय असंच लोक धरून चालतात. पहिल्या महिन्यात आमच्या शाखेच्या गार्डनं विचारलं, "मैडम, स्कूटी बनने गई है क्या?" दुसऱ्या महिन्यात, "अभी तक नहीं बनी?" तिसऱ्या महिन्यात त्यानं विचारणं सोडलं आणि नुसतं हळहळायला लागला. याला सहा वर्षं झाली. अजूनही सणाच्या दिवशी तो माझ्याकडे आशेनं बघतो.

अलीगंजातलं आमचं घर ते निशातगंजातली शाखा, पंचवीस मिनिटांचा रस्ता. खरं सांगते, तब्येतीबिब्येतीसाठी मी सायकल चालवत नाही. तब्येतीसाठी चालवणारी माणसं वाटेत गरम कचोरी खायला थांबत नाहीत. मी चालवते ती बोलायला. दिवसभर बँकेत हिंदी. मुलगी नोकरीसाठी नोएडाला, तिला फोनवर विचारावं, "जेवलीस का गं?" तर उत्तर येतं, "हाँ मम्मी, खा लिया।" आणि नवरा मुळातच असा की दिवसाला दहा वाक्यं बोलला तर अकरावं उद्यासाठी राखून ठेवील. मग माझी साताऱ्याची मराठी जायची कुठे? ती त्या पंचवीस मिनिटांत बाहेर पडते, चांगली मोठ्यानं. आडव्या आलेल्या ई-रिक्षावाल्याला मी म्हणते, "अरे मेल्या, वळताना हात तरी दाखव!" तो बिचारा "जी आंटी" म्हणून हसतो. रस्ता मोकळा असला की मी हँडलशी बोलते. बँकेतल्या साहेबांबद्दल, महागड्या टोमॅटोबद्दल, आणि बहुतेक वेळा नवऱ्याबद्दल. या सुखाचा पत्ता मी कोणाला लागू दिला नव्हता.

आता नवऱ्याबद्दल. हवाई दलात होता, आयुष्यभर विमानांची देखभाल केली. निवृत्त झाल्यापासून विमानं नाहीत, म्हणून घर उघडतो. गीझर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, मिक्सर उघडला. स्क्रू कमी पडले की चिनहटच्या कारखान्यांच्या भागात जाऊन अर्धा दिवस नाहीसा होतो. उघडतो झटपट, जोडायचं विचारलं की उत्तर एकच: "उद्या जोडतो." मिक्सर होळीपासून बिस्किटांच्या डब्यात आहे आणि अख्ख्या उन्हाळ्याची चटणी मी खलबत्त्यात कुटली. पण देवाशप्पथ, त्यानं जोडलेली वस्तू पुन्हा बिघडत नाही. वाईट काम मात्र त्याला बघवत नाही. शेजाऱ्यांच्या पंख्याचा स्क्रू सैल दिसला तर तो चहा अर्धा टाकून स्टुलावर चढतो.

गेल्या पावसाळ्यात निशातगंजच्या वळणावर एका ई-रिक्षानं मला आडवं पाडलं. कोपर सोलवटलं, एक चप्पल गटारात गेली, बाकी काही नाही. पण घरी बापलेकीची फोनवर खलबतं सुरू झाली आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर विजेवरची स्कूटर यायची ठरली. "मम्मी, अब साइकिल बंद। स्कूटी लो, आवाज़ भी नहीं करती," मुलीनं हुकूम सोडला. मी म्हटलं, "आणा की. तुम्ही चालवा." नवरा काहीच बोलला नाही. हा माणूस गप्प बसला की समजावं, मनात काहीतरी शिजतंय. पण मी कुठली समजायला! नवरात्राच्या साफसफाईत बुडाले होते.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. माझ्या वडिलांचं साताऱ्याला सुतारकामाचं दुकान होतं. नवमीला रंधा, पटाशी, करवत स्वच्छ पुसून पूजेला मांडायची, आणि एकदा मांडली की दसऱ्याला अक्षता टाकून हलवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एकदा एक गिऱ्हाईक मोडका पाट घेऊन दिवसभर ओट्यावर बसून राहिलं, पण वडिलांनी खिळासुद्धा ठोकला नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांनाही एक दिवस रजा हवी, असं ते म्हणायचे. घरात बाकी कुठलंही व्रतवैकल्य मी करत नाही, हे एवढं मात्र पाळते. म्हणून सकाळी नवऱ्याची हत्यारांची पेटी मी अख्खी देवघरासमोर रिकामी केली. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

नवरा दारात उभा. "सगळी मांडलीस?"

"सगळी."

"एखादा पाना बाहेर..."

"हात लावाल तर बघा!"

"नाही नाही," असं म्हणून तो इतक्या नम्रपणे निघून गेला की तिथंच मला शंका यायला हवी होती.

दसऱ्याला वाहनाची पूजा करायची म्हणून दुपारी मी फडकं घेऊन गच्चीवर गेले, साफसफाईत वर नेऊन ठेवलेली सायकल पुसायला. सायकल नव्हती. म्हणजे होती, पण एका जागी नव्हती. जुन्या चादरीवर नुसता सांगाडा पडला होता. एक चाक टाकीला टेकलेलं, दुसरं तुळशीला. चेन माझ्या दह्याच्या वाडग्यात, डिझेलमध्ये बुडवलेली. आणि बेअरिंगचे छर्रे मोठे-लहान वेगवेगळे करून इडलीच्या साच्यात!

"अहोऽऽ!" माझी हाक बहुधा गोमतीपलीकडे गेली असेल.

तो शांतपणे वर आला. "ओव्हरहॉलिंग करतोय. पहाटेच उघडली, तू पेटी मांडायच्या आधी."

"आत्ताच्या आत्ता जोडा!"

"कशानं?" तो म्हणाला, आणि त्यानं खाली देवघराच्या दिशेनं बघितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण एवढा समाधानी चेहरा मी या माणसाचा पाहिला नव्हता. आपल्याच हातानं हळदकुंकू लावून मी आपलीच सायकल अडकवून बसले होते.

तशीच खाली उतरून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याला हत्यारांच्या पूजेचं सांगितलं तर तो म्हणाला, "मैडम, विश्वकर्मा पूजा तो कब की हो गई! आपके यहाँ अब हो रही है?" मग म्हणाला, दसऱ्याचा मेळा संपल्यावर आणा, बघतो. आणणार कशी? इडलीच्या साच्यात छर्रे घेऊन अलीगंजातून मिरवू?

परत आले आणि नवऱ्यापुढे उभी राहिले. "मुद्दाम उघडलीत ना?"

त्यानं साच्यातला एक छर्रा बोटानं फिरवला. मग म्हणाला, "हो."

मी भांडायला पदर खोचला, पण तो पुढे बोलायला लागला, आणि त्या दिवसाची दहाही वाक्यं त्यानं तिथंच संपवली. "तू निघालीस की मी बाल्कनीत उभा राहतो. 'पोचले' असा तुझा मेसेज येईपर्यंत माझा दुसरा चहा होत नाही. सायकल मी तपासतो गं. रोज तपासतो, तुला माहीत नाही. ब्रेक, चेन, हवा. विमानाचंही एवढंच असतं, आपण नीट तपासलं की ते नीट जातं. पण तुझ्या रस्त्यावरच्या ई-रिक्षा मी कुठून तपासू? तू पडलीस त्या दिवशी मला बँकेतून फोन आला. त्या फोनची भीती बसलीय मला."

मला रडू यायला लागलं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मग मी घरी बसू? स्कूटरवर हेल्मेट घालून तोंड बंद करून जाऊ? मला बोलायला तेवढी एकच जागा आहे हो!"

"बोलायला? सायकलवर? कोणाशी?"

यावर मी काय सांगणार, कपाळ? "काही नाही," म्हणून खाली गेले.

दसऱ्याला स्कूटर आली. तिला झेंडूचा हार घातला, वर आपट्याऐवजी कचनारची पानं, इथं आम्ही सोनं म्हणून तीच वाटतो. मग ताट घेऊन गच्चीवर गेले आणि सायकलचीही पूजा केली. सुटी सुटी. दोन चाकांना, सांगाड्याला, पेडलांना, सीटला, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर एकेक फूल. मुलीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि किंचाळली, "मम्मी! ये साइकिल का पोस्टमार्टम चल रहा है क्या?" मी तिला सोनं घे, मोठी हो म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

खाली येऊन हत्यारांवर अक्षता टाकल्या, पाना आणि हातोडी उचलली आणि पुन्हा वर जाऊन चादरीवर फतकल मारली. नवरा मागोमाग आला, हाताची घडी घालून बघत उभा. पहिले दोन छर्रे मी खरंच अडाणीपणानं भलत्याच जागी कोंबले. पण त्याच्या घशातून बारीकसा आवाज आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग काय, वेड पांघरून पेडगावला! ग्रीस श्रीखंडासारखं चोपडलं. मोठ्या छर्ऱ्यांत लहान मिसळले. एक्सल बसेना म्हणून हातोडी उचलली.

"अगं आई गं! त्यावर हातोडी? सरक, सरक तिकडे!"

मी सरकले. दीड तासात सायकल उभी राहिली. चाक फिरवलं तर थांबायचं नावच घेईना. घाम पुसताना त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. "मुद्दाम केलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी निघाले. मागं वळून बघितलं तर बाल्कनी रिकामी. इतक्या वर्षांत मी कधी मुद्दाम वर बघितलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी बघावं तर माणूस नाही. सायकल लोण्यासारखी चालली होती, पण माझं लक्ष लागेना. कपूरथल्याचा चौक ओलांडल्यावर मी तोंड उघडलं.

"रुसलाय. रुसू दे. माझ्या इडलीच्या साच्याला अजून डिझेलचा वास येतोय, तो कोण काढणार? आणि मिक्सर? होळीपासून डब्यात! दुसरा चहा होत नाही म्हणे मेसेज येईपर्यंत. अहो, हे एवढं वाटत होतं तर अठ्ठावीस वर्षांत एकदा बोलायचं होतं. तुम्ही बोलत नाही म्हणून मी इथं हँडलशी बोलते. वेडी म्हणतील लोक. साहेबांनी परवा काय केलं ते तरी कोणाला सांगायचं मी, या घंटीला?"

"मिक्सर उद्या जोडतो," अगदी मागून आवाज आला.

मी करकचून ब्रेक दाबला. मागे नवरा. हार घातलेल्या स्कूटरवर, डोक्यावर हेल्मेट, माझ्याच वेगानं, जराही आवाज न करता.

"कधीपासून मागे आहात?"

"घरापासून."

"आणि काय काय ऐकलंत?"

"सगळं."

मागे गाड्या साठल्या. कोणीतरी ओरडलं, "अरे आंटी, रास्ता दीजिए!" मला वाटलं, आता इथंच धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. नवऱ्यानं हेल्मेटची काच वर केली. "साहेबांनी परवा काय केलं," तो म्हणाला, "ते राहिलं. चल पुढे, मी ऐकतोय."

मी पेडलवर पाय ठेवला आणि सांगायला लागले, मागे नीट ऐकू जाईल अशा आवाजात. मधेच तो मागून "मग?" म्हणायचा. शाखेचं गेट आलं तेव्हा माझ्या गोष्टीतले साहेब अजून केबिनबाहेर निघायचे होते. गार्डनं स्कूटर बघून आनंदानं सलाम ठोकला, पण आम्ही थांबलो नाही. मी सरळ पुढच्या चौकापर्यंत गेले, तिथून वळून आले, आणि गोष्ट संपवली. मग आत जायच्या आधी, सहा वर्षांच्या सवयीनं, मी मोबाइल काढला आणि गेटवर उभ्या असलेल्या नवऱ्याला मेसेज केला, 'पोचले'. त्यानं तो तिथंच उघडून वाचला आणि म्हणाला, "बरं. चहाला जातो."