पॉलिश केलेले टायर

जालिंदर सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवून उंब्रजला परत आला आणि घरातली एकेक वस्तू त्याच्या तपासणीखाली गेली. गॅसची नळी, बोअरची मोटर, बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा. शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हा मुलं चढायच्या आधी तो सहाही चाकांना लाथ मारून बघायचा. टायरमध्ये हवा किती हे मी आवाजावरून सांगतो, असं तो म्हणायचा आणि गावात ते कुणी खोडून काढत नसे.

त्याची मुलगी शिवांजली कराडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. स्वतःच्या पगारातून तिनं मोटारसायकल घेतली होती. कोल्हापूरच्या बाजूला एका ट्रॅकवर नवशिक्यांसाठी एक दिवस ठेवलाय, असं तिनं एकदा जेवताना सांगितलं. शर्यत नव्हे, वेगात वळण कसं घ्यायचं ते शिकवतात. त्यासाठी टायर बदलायचे होते.

"टायरचं मला इचार," जालिंदर म्हणाला आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

दोघं तिच्याच गाडीवरून सांगलीला दादासोच्या टायरच्या दुकानात गेली. दादासोनं दोन टायर पुढे ठेवले, एक कडक, एक मऊ. शिवांजलीनं मऊ टायरवर अंगठा दाबून बघितला.

"हा बसवा. गरम झाला की रस्ता धरतो."

"आवं दादासो, तिचं काय ऐकताय? चार-पाच हजार किलोमीटरात टक्कल पडंल ह्येला. कडक द्या, पंचवीस हजार बगायला नको."

"आण्णा, मला पंचवीस हजार नकोच आहेत. मला वळणावर पडायचं नाही."

"लडाखला बर्फावर ट्रक चालवलाय मी," जालिंदरचा आवाज चढला. "तू मला टायर शिकवतीस? रक्ताच्या बाटल्या हालवायचं काम न्हवं ह्ये."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. शिवांजली टायरवरचा अंगठा न काढता तशीच बसून राहिली.

"जालिंदरराव, पोरगी बरोबर बोलतीया," दादासो म्हणाला. "तुमचं ट्रकाचं झालं. ट्रॅकला मऊच लागतो. लवकर झिजतो, पण सोडत न्हाई."

मऊ टायर बसले. परतताना जालिंदर तिच्या मागं बसला होता. ती गाडी इतकी बेतानं चालवत होती, की बोट ठेवायला जागा नव्हती. बाटल्यांचं आपण कशाला काढलं, हे त्याला कराडपर्यंत टोचत राहिलं. पण चुकलो म्हणायची त्याला सवय नव्हती. बायकोवर ओरडला, तर दुसऱ्या दिवशी तो पंखे पुसायचा. तीच त्याची माफी, आणि घरानं ती चालवून घेतली होती.

पुढचे दोन-तीन दिवस शिवांजलीनं रोज कराडला जाऊन-येऊन टायर रुळवले. जायच्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये मोटारसायकल चढवून झाली. शिवांजली आत आवरत होती. जालिंदरला फौजेतल्या तपासणीचे दिवस आठवले. मोठे साहेब यायच्या आधी ट्रकांचे टायर काळे करायचे, पार खाचीपर्यंत. त्यानं बसमधली टायर पॉलिशची बाटली आणली आणि दोन्ही चाकं फडक्यानं चोळून काढली. बाजूनं चोळली, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावरही. चाकं आरशासारखी दिसायला लागली. त्याला बरं वाटलं.

ट्रॅकवर शिवांजली चामड्याचा सूट घालायला गेली, तोवर त्यानंच गाडी उतरवून रांगेत लावली. ती आली आणि लगेच तिचा नंबर लागला. तपासणीला एक काटकुळा कोल्हापुरी माणूस होता. त्यानं मागच्या टायरवरून बोट फिरवलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. बोट काळं, तुकतुकीत.

"ह्ये काय लावलंय? पयल्याच वळणाला साबणावानी सुटली असती गाडी. कुणी केलं ह्ये?"

मागं पंधरा-वीस पोरं आपापल्या गाड्या धरून उभी होती. जालिंदर एक पाऊल मागं सरकला.

शिवांजलीनं टायरकडे बघितलं, मग बापाच्या काळ्या नखांकडे.

"मीच लावलं, सर. चमक यावी म्हणून. माहीत नव्हतं."

"मॅडम, वरातीला आलाय व्हय?" मागून एकजण म्हणाला आणि रांग खदखदली.

"धुऊन आणा, कोरडं करा, मग बगू," तपासणीवाला म्हणाला. "पयली फेरी तुमची गेली."

नळापाशी बसून दोघं टायर घासू लागली, ती पुढचा, तो मागचा. साबणाचं काळं पाणी त्याच्या चपलांखालून वाहत होतं. पहिली फेरी सुटल्याचा आवाज आला. शिवांजलीनं मान वर केली नाही. मघाचाच पोरगा पाणी प्यायला आला.

"टायरचं कुणाला तरी इचारायचं ओ. घरात न्हाई का कोण म्हायतगार?"

"आहेत की," शिवांजली म्हणाली. "मीच विचारलं नाही."

जालिंदरच्या हातातला ब्रश थांबला. तो उठला, पँटला हात पुसले आणि सरळ तपासणीच्या टेबलापाशी गेला. रांग अजून होतीच.

"साब," तो म्हणाला, आणि ते फौजेतल्यासारखं फार मोठ्यानं निघालं. "पॉलिश म्या लावलं. पोरीला ठावं नव्हतं. टायर बी तिनंच निवडल्यात. म्या चुकीचं घेत हुतो."

"तुमी काय करता?"

"डायवर हाय. शाळेच्या बसवर."

ह्या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तपासणीवाला उठून नळापाशी आला, दोन्ही टायरवर बोट घासून बघितलं.

"आता ठीक हाय. दुसऱ्या फेरीत लावा. पयले चार-पाच चक्कर हळू घे, पोरी."

तो गेल्यावर शिवांजली हळूच म्हणाली, "सांगायची गरज नव्हती, आण्णा."

"हुती."

तिनं हवेचं मीटर त्याच्या हातात दिलं. त्यानं चाकाला लाथ मारली नाही. वाकला आणि विचारलं, "किती ठेवू?"

तिनं आकडा सांगितला. रस्त्यावर ठेवतात त्यापेक्षा तो बराच कमी होता. जालिंदरच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते गिळून त्यानं हवा सोडायला सुरुवात केली.