नानांमुळे पुण्याला नाही म्हटलं

मंडळी, शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी ऐका.

पुढे मला इंजिनिअरांची टीम सांभाळायची आहे, त्यासाठी दोनपैकी कोणती नोकरी घ्यावी यात मी अडकलो होतो. पुण्याची मोठी कंपनी, तिथे खोलीत बसून नुसतं कोडिंग. नाहीतर जळगावातलं चार जणांचं ऑफिस, तिथे गिऱ्हाइकाच्या दारातही उभं राहायचं. पुण्याला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"एक दिवस काम तर बघ," म्हणत जळगावच्या ऑफिसचे मालक, भाऊ, सकाळी मला केळी पिकवणाऱ्यांच्या सोसायटीत घेऊन गेले. कोणाची केळी कधी कापायची ते नंबर आता भाऊंचा प्रोग्राम लावणार होता. आजवर नंबर लावणारे नाना कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलेले.

"या डबानी कधी केळीनं वावर देखं शे का?"

डब्याने केळीचं शेत कधी पाहिलंय का, या नानांच्या प्रश्नावर भाऊ समजावून थकले. मी गुपचूप प्रोग्राममध्ये दोन ओळी टाकल्या. स्क्रीनवर आलं, 'नाना, मला अक्कल नाही. पहिला नंबर कोणाचा?'

ते मी मोठ्याने वाचताच नाना एवढे हसले की चष्मा पडला. मग स्वतःच खुर्ची ओढली. "जो पहिले नाव लिखाडी त्याना नही रे! ज्याना घड पहिले भरना, त्याना!"

प्रोग्राममध्ये नेमकं उलटं होतं, घड भरला असो वा नसो, आधी नाव लिहिलं त्याचा पहिला नंबर. चार महिने कोडिंग चाललं आणि नानांना कोणी विचारलंच नव्हतं! पुण्यात खोलीत बसून हे मला कधीच कळलं नसतं.

घरी जायला धुळ्याची एसटी पकडण्याआधी स्टँडवरून पुण्याला फोन करून नाही म्हटलं. उद्या परत नानांकडे. खुर्ची त्यांची, मी स्टुलावर.

आता सांगा, तुमच्या ऑफिसातल्या नानांना तुम्ही शेवटचं कधी विचारलं?