गाळलेलं वाक्य

मंचावर इस्रायलची कवयित्री हिब्रूत बोलत होती आणि रिबेकाबाई तिच्या ओठांकडे एकटक पाहत होत्या. समोर जर्मन पाहुणे होते. हिब्रूतून जर्मनमध्ये तिथल्या तिथे भाषांतर करू शकेल आणि ज्याला कविताही कळेल, असं माणूस मी दोन महिने शोधत होतो. शेवटी आपल्या अलिबागच्याच रिबेकाबाई सापडल्या. त्यांची अर्धी हयात इस्रायलमध्ये आणि नंतरची जर्मनीत गेलेली.

कार्यक्रम लांबला, तेव्हा मी विंगेतून त्यांना घड्याळ दाखवलं. त्यांनी पुढचं भाषांतर दोन वाक्यांत आटोपतं घेतलं. टाळ्या पडल्या. कवयित्रीने डोळे पुसत हात जोडले.

चहाच्या वेळी मी म्हणालो, "बाई, वेळ छान सांभाळलीत."

"सांभाळली की! आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलत होती ती. तेवढं गाळलं."

"तिला सांगायला हवं."

"सांगा ना. हिब्रूत मी करून देते."

परक्या भाषेत माणूस स्वतःला किती विश्वासाने सोपवतं! पलीकडे कवयित्री एका जर्मन बाईंचा हात हातात घेऊन उभी होती. आपलं बोलणं पोचलं, असं तिला वाटत होतं. मी कप खाली ठेवला आणि पुढच्या सत्राच्या खुर्च्या लावायला निघून गेलो.