कंगव्याच्या डबीवरची चिठ्ठी

जर्मनीत, तुमच्या वाल्डॉर्फच्या घरात, बाथरूमच्या आरशाखालच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, मोठ्या दातांचा एक तपकिरी कंगवा आहे. तो कुणाचा, असं धाकट्यानं परवा मला फोनवर विचारलं. मोठीला ठाऊक आहे, पण तिनं सांगितलं नाही. बरोबरच केलं. ते मीच सांगायला हवं. हे मराठीत लिहिते आहे, तेव्हा आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत का लिहिलं नाही, ते पुढं कळेल.

२०१४ सालच्या वसंतात मी तीन महिने तुमच्याकडे राहिले. धाकटा रांगत होता, मोठी दहा वर्षांची. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि घरात प्रत्येक वस्तू जागेवर असल्याशिवाय मला झोप लागत नाही. आठवड्याभरात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या. तुमचे बाबा म्हणाले, "आई, मलाही एक लावा, म्हणजे ऑफिसातून आल्यावर कुठं ठेवायचं ते कळेल."

शनिवारी दुपारी मोठीला तेल लावायचं, हा माझा नेम. तिची एक वर्गमैत्रीण होती. तिचे बाबा जर्मन, आई घानाची, पण इंग्लंडात वाढलेली. ती मुलगी पहिल्याच शनिवारी मोठीच्या मागं नंबर लावून बसली. मोठी मला आजी म्हणते, म्हणून तीही म्हणायची. ते माझं नावच आहे असं तिला वाटे. दारातूनच ओरडायची, "हालो, आजी!" तिच्या केसांत माझा कंगवा शिरेना. मग मी बसनं हायडेलबर्गला जाऊन हा मोठ्या दातांचा आणला. केस ओले करायचे, भाग पाडायचे, टोकाकडून वर यायचं, हे तिच्या आईनंच मला दाखवलं. तासभर लागायचा. माझ्या गुडघ्याला टेकून ती कधीकधी डुलकी काढायची.

तिची आई न्यायला आली की चहा व्हायचा. आठवडाभर न कळणारं जर्मन ऐकून मी दमलेली असायची. हिच्याशी इंग्रजीत पोटभर बोलता यायचं. त्या गावात माझी म्हणावी अशी तेवढी एकच मैत्रीण होती.

कंगव्यांची सरमिसळ नको म्हणून मी दोन डब्या केल्या. एकीवर इंग्रजीत लिहिलं, 'सरळ केसांसाठी'. दुसरीवर, 'वुली केसांसाठी', म्हणजे लोकरीसारख्या. मनात आधी मराठी शब्द आले होते, काथ्या, घासणी. ते मी टाकून दिले. लोकर मऊ असते, आणि इंग्रजीत लिहिलं म्हणजे सभ्य झालं, असं मला वाटलं. पट्टीनं रेघ मारून, अक्षर काढून लिहिलं.

पुढच्या शनिवारी तिची आई जरा लवकर आली. हात धुवायला आत गेली आणि डबी घेऊनच बाहेर आली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले. कौतुक होणार असं वाटून हसलेसुद्धा.

"शाळेत मला हेच म्हणायचे. मागून हात घालून केस दाबून बघायचे. मेंढीसारखं ओरडायचे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तेव्हाच माफी मागितली असती तर निभावलं असतं. मी काय केलं? मी शिकवायला लागले. शब्द अगदी बरोबर आहे, कोशात आहे, जुन्या चांगल्या पुस्तकांत आहे. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय," असंही म्हणाले.

"पुस्तकांत आहे, माहीत आहे मला," ती म्हणाली. "कुणाबद्दल आहे, तेही बघा एकदा."

मुलीचे केस एका बाजूनं विंचरून झाले होते, दुसरी बाजू राहिली होती. आईनं तिला तशीच उठवली आणि डोक्यावर टोपी घातली. ती माझ्याकडे बघत गेली.

दार लागल्यावर मोठीनं आईला जर्मनमध्ये विचारलं, आजी सॉरी का नाही म्हणाली? तेवढं जर्मन मला कळलं. तुमची आई मला म्हणाली, "आई, तुला कुणी असं म्हटलं असतं तर?"

म्हटलं होतं की. मी सातवीत होते. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी बाई मुली निवडत होत्या. माझी वेणी हातात धरून त्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, "हिचे केस राठ आहेत, गजरा बसायचा नाही. यांच्यात असेच असतात." आमच्या घरानं धम्मदीक्षा घेऊन चार वर्षं झाली होती, बाईंच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. आपण नुसतं केसांबद्दल बोलतोय, असंच त्यांनाही वाटलं असेल. घरी मी रडले तेव्हा वडील म्हणाले, "तू इंग्रजी शीक. त्या भाषेला आपली वस्ती माहीत नाही."

मी शिकले. त्या भाषेला दुसऱ्या कुणाची वस्ती माहीत असेल, हे पन्नास वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी खरवडून काढली. पण फोन केला नाही. आज करू, उद्या करू, करत राहिले. पुढचे तीन शनिवार तेल गरम करून बसले. कुणी आलं नाही. मग व्हिसाची मुदत संपली.

दोन वर्षांनी परत आले तेव्हा ती मुलगी मला बसस्टॉपवर दिसली. उंच झाली होती, केसांच्या बारीक बारीक वेण्या होत्या. विमानात पाठ केलेलं जर्मन मी तिला म्हणून दाखवलं: माझं चुकलं, मला फार वाईट वाटतं, तुझ्या आईलाही सांग. तिनं सगळं ऐकून घेतलं. "शोन गुट," म्हणाली, म्हणजे असू दे. बस आली. चढताना तिनं वळून, अनोळखी म्हाताऱ्या बाईला म्हणावं तसं, "आउफ विडरझेन" म्हटलं. आजी म्हटलं नाही.

तर कंगवा तिचा आहे. डबीवर आता काही लिहिलेलं नाही.