सामनेवाला: काळा पाषाण

अर्ज केला की मिळत नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीवर नाही, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या आक्काचा चुलतसासरा निघाला हे माझं नशीब. सारं मानवत गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही काकाच म्हणायचो. निजामाच्या राज्यात उर्दूतून सातवी झाल्यावर काकांनी पाथरीच्या तहसिलीपुढं लिंबाखाली लाकडी पेटी मांडली आणि पुढची तीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहून देण्यात घालवली. बांध कोरला, म्हैस चोरीला गेली, सून नांदत नाही, काहीही असो, लोक काकांच्या पेटीपुढं येऊन बसायचे. त्यांच्या अर्जाचा साचा ठरलेला होता. वर हुजुरांचा मान, मग अर्जदाराचं नाव, त्याखाली सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, मग जागेच्या चारी दिशांची हद्द, सोबत पंचनामा आणि शेवटी ‘दया व्हावी’. सामनेवाल्याशिवाय अर्ज होऊच शकत नाही यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. शेजाऱ्याचा कोंबडा फार लवकर आरवतो म्हणून त्यांनी एकदा फौजदाराकडे अर्ज दिला, तेव्हा सामनेवाल्याच्या जागी शेजाऱ्याला सोडून थेट कोंबड्याला धरलं होतं. “आरवतंय कोन? कोंबडं. मंग मालकाला कामून गोवायचं?” असा त्यांचा न्याय होता.

दगडांचं वेड त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागलं. पाणाड्याच्या सांगण्यावरून काकांनी वावरात दोन विहिरी खोदल्या आणि दोन्ही कोरड्या निघाल्या. मग एक दिवस सरकारी जीपमधून गळ्यात भिंग आणि हातात हातोडी घेतलेला एक किडकिडीत तरुण उतरला, नाल्याच्या काठानं दोन तास हिंडला, चार दगड फोडून पाहिले आणि म्हणाला, इथं खोदा. तिथं पाणी लागलं. काकांनी त्या तरुणाच्या गळ्यात हार घातला, त्याच्या हातोडीला हळदकुंकू लावलं, आणि घरात एक तरी भूशास्त्रवाला झालाच पाहिजे असं त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यांना दोन मुली, दोघींची लग्नं झालेली. त्यामुळे सुट्टीत आक्काकडे गेलेला मी आयताच तावडीत सापडलो. मी तेव्हा आठवीत होतो, पण सुनेचा भाऊ म्हणून ते मला मानानं ‘पाव्हणं’ म्हणायचे. “पाव्हणं,” ते म्हणाले, “डाक्टर व्हनारे लय हाइत. तुमी दगडं शिका.”

आणि मी खरोखरच दगड शिकलो. औरंगाबादेला राहून भूशास्त्रात एम. एस्सी. होत आलो. सेलूला एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम असलेल्या माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, हे शेवटपर्यंत पटलं नाही. “दगडं बगायला शिकाय कशाला लागतंय? वावराच्या धुऱ्यावर लागतील तेवढे पडलेत की,” असं दादा म्हणायचे. खर्चाला त्यांनी हात आखडता घेतला तेव्हा काका छाती पुढं काढून म्हणाले, “पाव्हण्यांच्या शिक्षनाचं माज्याकडं लागलं. वजिफा काडतो.” वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती. त्या दिवसापासून काकांनी इतरांचे अर्ज लिहायचं सोडलं आणि देशात, परदेशात, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुठं कोण काय देतं याचा शोध सुरू केला.

ते रोज सकाळी मोंढ्याच्या बाजारातल्या एका केशकर्तनालयात जाऊन तिथलं वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे. शिष्यवृत्तीची जाहिरात दिसली की खिशातून अडकित्ता काढायचे, आधी सुपारी कातरायचे आणि मग त्याच अडकित्त्यानं जाहिरात. जाहिरातीच्या पाठीमागे काय छापलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. त्यामुळे मानवतच्या कित्येक लोकांना त्या काळातल्या खुनांचे निकाल आणि क्रिकेटचे धावफलक कधी कळलेच नाहीत. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. विद्यापीठाला नाव द्यावं की नाही यावरून गावोगावी डोकी तापलेली, दुकानात दोन माणसं जमली की तिसरा दबकत बोलायचा. काकांना तिथं कुणीतरी त्यांचं मत विचारलं. काका अडकित्ता चालवत म्हणाले, “ज्या साहेबांचं नाव द्या म्हनायलेत, ते वजिफ्यावर इलायतीला जाऊन शिकले. मियादीच्या आत अर्ज करनाऱ्या मानसाचं नाव न्हाई द्यायचं, तर काय झोपा काडनाऱ्याचं द्यायचं?” मियाद म्हणजे अर्जाची शेवटची तारीख, आणि ती चुकवणं हे काकांच्या मते माणसाच्या हातून घडणारं सगळ्यात मोठं पाप होतं.

अटी मात्र ते अजिबात मनावर घ्यायचे नाहीत. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी एक शिष्यवृत्ती निघाली. “काका, परभणीला समुद्र नाही,” मी म्हणालो. “तुमच्या गावात समुद्र हाय का, असं त्येंनी इचारलंय का? न्हाई ना? मंग आपन होऊन कामून सांगायचं?” असं म्हणून त्यांनी अर्ज पाठवला. बर्फाळ प्रदेशातल्या खडकांसाठी एक होती, तिच्या अर्जात ‘उमेदवार पौष महिन्यात थंड पाण्याने स्नान करतो’ असं माझ्याविषयी धडधडीत खोटं लिहिलं. एक तर फक्त मुलींसाठी होती. मी ते दाखवल्यावर काकांनी जाहिरात डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “ही अट अगदी खाली बारीक अक्षरात हाय. लय महत्त्वाची नसंल.” नकाराची पत्रं आली की त्यांना आनंद व्हायचा. “जवाब तर आला!” म्हणत ते पत्र फाइलला लावायचे आणि आभार मानून वर अपील करायचे.

अर्जासोबत गुणपत्रिकेच्या खऱ्या नकला लागत आणि त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आमच्या हाताशी असलेले असे अधिकारी म्हणजे गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. तिथं म्हशी-बैलांची रांग असायची आणि नुसते कागद घेऊन येणाऱ्याला डॉक्टर सगळ्यात शेवटी घेत. काकांनी यावर उपाय काढला. शेजारणीची ठणठणीत शेळी मागून आणायची, ‘चारा खाईना’ म्हणून रांगेत उभं राहायचं, आणि डॉक्टरांनी शेळीला सुई टोचली की पाठोपाठ माझे कागद पुढं करायचे. माझ्या भूशास्त्राच्या शिक्षणापायी त्या शेळीनं निदान पंधरा सुया खाल्ल्या असतील. पुढंपुढं माझ्या हातात पांढरा कागद दिसला की ती दावं तोडून पळायची. शेजारीण म्हणायची, “माझी शेळी काय आजारी न्हाई, तिला तुमच्या पाव्हन्याचं शिक्षान बाधलंय.”

या सगळ्याहून मला लाज आणणारी गोष्ट म्हणजे काकांचा विहिरींचा पंचनामा. पुराव्याशिवाय अर्ज लंगडा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पंचक्रोशीतल्या विहिरींवर गाठी मारलेला दोर घेऊन हिंडायचे. सुट्टीत पंच क्रमांक दोन म्हणून मला न्यायचे. पंच क्रमांक एक त्या विहिरीचा मालक. दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि काठावर पालथं पडून काकांनी सांगायचं: “लिवा. वरून नऊ हात मुरूम. खाली दीड हात तांबडी माती. त्याखाली काळा पाषान, पानी गळायलंय.” मग मालकाचा अंगठा आणि माझी सही. लोकांना वाटायचं विहिरींवर नवा कर बसणार आहे. एका म्हातारीनं तर विहिरीवर पत्रा टाकून, वर बसून, “आमची विहीर न्हाईच” असं शपथेवर सांगितलं. काकांनी तिचाही पंचनामा केला, म्हातारीसकट. एका विहिरीत त्यांचा चष्मा पडला तेव्हा त्यांनी तोही मजकुरात घेतला.

एम. एस्सी. झालो आणि प्रश्न खरोखरच गळ्याशी आला. मला पुढं संशोधन करायचं होतं. दादांनी जिनिंगच्या शेटजींना शब्द देऊन ठेवला होता. दसऱ्याला कापसाचा हंगाम सुरू झाला की मी काट्यावर बसायचं आणि गाड्यांचं वजन लिहायचं. “दसऱ्यापस्तोर वजिफा आला तर दगडं फोड. न्हाई तर काटा,” असं त्यांनी मला आणि काकांना समोर बसवून सांगितलं. दसऱ्याला किती दिवस उरले ते काका बोटांवर मोजू लागले.

आषाढात त्यांना मुंबईच्या एका न्यासाची जाहिरात सापडली. दख्खनच्या खडकातल्या भूजलावर संशोधन करणाऱ्याला तीन वर्षं शिष्यवृत्ती, आणि अर्ज मराठीत चालेल. मी आठ दिवस खपून, संदर्भ वगैरे देऊन, व्यवस्थित चार पानी अर्ज तयार केला आणि तपासायला काकांकडे दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “पाव्हणं, मजकूर चांगला हाय,” ते खेदानं म्हणाले, “पर यात तकरार कुठंय? सामनेवाला कुठंय? वाचनाऱ्याला कळाय नगं का, तुमचं भांडन कोनाशी हाय ते?” मी हसलो, त्यांच्याजवळ पाकीट ठेवलं आणि टपालात टाका म्हणून सांगून सेलूला परत आलो. ही माझी चूक झाली.

भाद्रपदात मुलाखतीचं बोलावणं आलं. मुंबईला एका मोठ्या मेजामागे तिघं बसले होते. मधले अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या शेजारी जाड भिंगांच्या चष्म्याच्या भूशास्त्राच्या एक वयस्क प्राध्यापिका. अध्यक्षांनी माझा अर्ज उचलला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली: “हुजुरांच्या सेवेशी. अर्जदार, राहणार सेलू, गरीब, होतकरू व निर्व्यसनी. सामनेवाला, काळा पाषाण, राहणार संपूर्ण मराठवाडा. सामनेवाला हा अनादी काळापासून अर्जदाराच्या जिल्ह्याखाली बेकायदेशीर ठाण मांडून असून, पोटात पाणी दडवून ठेवतो व विचारले असता सांगत नाही. हद्द पूर्वेस नाला, पश्चिमेस नाला, वरून आभाळ, खालची हद्द अर्जदारास शोधावयाची आहे. तरी सामनेवाल्याची कसून चौकशी करणेस अर्जदारास तीन वर्षे मुदत मिळावी. दया व्हावी.”

तिघंही हसत होते. माझ्या डोळ्यांपुढं जिनिंगचा काटा डुलत होता. मी उठणारच होतो, तेवढ्यात बाईंनी सोबतची जाड चळत पुढं ओढली. “हा पंचनामा कुणी केला?” त्यांनी विचारलं. त्या आता हसत नव्हत्या. मी म्हणालो, “माझ्या बहिणीच्या चुलतसासऱ्यांनी.” “ते भूशास्त्रज्ञ आहेत?” “नाही. अर्जनवीस आहेत.” बाई पानामागून पान उलटू लागल्या. “प्रत्येक विहिरीत तांबड्या मातीचा थर त्यांनी नोंदवलाय. किती हातांवर, किती जाड, पाणी त्याच्या वरून गळतं की खालून. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये झालेली माती आहे ही. एवढ्या विहिरींची अशी माहिती माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी आणली नाही.” मग थांबून त्यांनी विचारलं, “आणि या म्हातारीच्या विहिरीत काय आहे?” मी म्हणालो, “चौकशी चालू आहे.” अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी कधी निकाल दिला नाही. जा, सामनेवाल्याचा जबाब घेऊन या.”

मंजुरीचं पत्र दसऱ्याच्या चार दिवस आधी आलं. ते घेऊन मी मानवतला पळत गेलो, तर माझ्या हातातला कागद पाहून शेळी आधी पळाली आणि तिच्यामागं शेजारीण. काकांनी पत्र वाचलं, उलटं करून पाठीमागं काय आहे तेही पाहिलं. “मी म्हनलं व्हतं ना, सामनेवाला लागतो,” एवढंच बोलले. मग पत्र फाइलला लावायला म्हणून आत गेले ते माझी एसटी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, ते राहूनच गेलं.

पुढं मी पीएच. डी. झालो, भूजलाच्या खात्यात लागलो, जीप मिळाली. गावोगावी लोकांना ‘इथं खोदा’ म्हणून सांगत हिंडू लागलो आणि या हिंडण्यात मानवतला जायचं तेवढं मागं पडत गेलं. तीन वर्षं झाली. मग एक दिवस कचेरीत माझ्या नावानं अर्ज आला. अक्षर आक्काचं होतं, मजकूर कुणाचा ते पहिल्या ओळीतच कळलं. ‘माननीय भूवैज्ञानिक साहेब यांच्या सेवेशी. अर्जदार, आपल्या भगिनीचे चुलतसासरे. अर्जदाराच्या डोळ्यांनी रजा घेतली असून आता वाचता येत नाही. तरी हुजुरांनी एकवार येऊन भेटून जावे. सामनेवाला, कोणी नाही. दया व्हावी.’ त्यांच्या हातून निघालेला सामनेवाल्याशिवायचा तो एकच अर्ज. मी तो टेबलावर ठेवला आणि तसाच उठून एसटी स्टँडवर गेलो.

काका ओसरीवर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, हातात अडकित्ता. आक्का हळूच म्हणाली, “दिसत न्हाई, तरी रोज कापायलेत. कधी सिनेमा कापतेत, कधी टेंडर.” माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली. “पाव्हणं का? बसा. वाचा बरं, काय निगालंय का?” मी सगळी पानं चाळली. त्या दिवशी शिष्यवृत्तीची एकही जाहिरात नव्हती. मी पान सरळ केलं आणि वाचू लागलो, “भूशास्त्राच्या गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी वजिफा.” त्यांचा चेहरा उजळला. “मियाद कवाची हाय?”

“लय दिवस हाइत, काका,” मी म्हणालो. “अजून लय दिवस हाइत.”

मग मी त्यांचा हात धरून कागदावर ठेवला, आणि त्यांनी खताची एक जाहिरात अगदी सरळ रेषेत कापून खिशात घातली.