भूगावचा उखडलेला रॅम्प

माझा सहकारी अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी लवळ्याला, कॉलेजात, आमच्या लॅबमध्येच होते. रडू आलं ते घरी गेल्यावर. संताप आला तो दुसऱ्या दिवशी, भूगावच्या चौकातला फ्लेक्स पाहून... ‘पर्यावरणपूरक काँक्रीटचे जनक, आमचे मार्गदर्शक’, आणि खाली हात जोडलेला बिल्डर, अविनाशपेक्षा मोठा छापलेला. ज्यानं त्याचं नाव मातीत घातलं, तोच श्रद्धांजली वाहत होता.

अविनाश गोड माणूस वगैरे मुळीच नव्हता. कुणी नव्या घराचे पेढे वाटले, तरी हा त्याला सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर ऐकवायचा. लोक टाळायचे, मीही कधीकधी. पण काम पक्कं. वीजकेंद्राची राख आणि पोलादाच्या भट्टीतली धातुमळी घेऊन तो सिमेंटशिवाय काँक्रीट करायचा, त्यात बारीक तंतू मिसळायचा आणि मग त्याच्या चकत्यांवर लोखंडी गोळा आदळत बसायचा. साधी चकती चटकन दुभंगायची. याची तडकायची, पण सुटायची नाही.

बिल्डरनं जाहिरातीच्या हौसेनं भूगावच्या इमारतीचा रॅम्प त्याला करायला दिला. अविनाशची अट एकच होती, यावर पाणी मारायचं नाही. हे काँक्रीट रसायनानं आवळतं, लगेच ओलं केलं तर वरचा थर मरतो. रॅम्प ओतल्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही पोहोचलो, तर बिल्डरच्या चुलत्यांनी, आण्णांनी, रॅम्पवर गोणपाटं अंथरून पाइप सोडलेला.

“काँक्रीटला पाणी न्हाई द्यायचं? आवो सर, बाळंतिणीला उपाशी ठिवल्यागत झालं की. आमी हितं लई घरं बांधल्यात.”

अविनाश त्यांना तोंडावर अडाणी म्हणाला, आणि तिथंच सगळं फिसकटलं. वरचा थर पांढरा, भुसभुशीत झाला. सरांचं काँक्रीट म्हणजे रांगोळी, असं बिल्डरनं मुळशी तालुकाभर पसरवलं. पाण्याचं नाव काढलं नाही. मग उखडायला ब्रेकर आणला. वरची पूड उडाली, खालचं काही निघेना, दिवसभर नुसता थडथडाट, तेव्हा कुठे मोठमोठी ढेकळं सुटली. तेही बिल्डरनं उभं राहून पाहिलं आणि गिळून टाकलं. पुढे अविनाशला प्रयोगाला कुणी हातभर जागा दिली नाही. आणि हा शहाणा, एरवी ऊठसूट भांडणारा, चारचौघांत गप्प बसला. त्याचा मला अजून राग आहे.

कॉलेजातल्या शोकसभेत बिल्डरनं सरांच्या नावानं बाक जाहीर केला. मी उठून विचारलं, “रॅम्पवर पाणी कुणी मारलं, ते सांगता का?”

“ताई, आज तो विषय नको.”

“मग कधी?”

त्यानं माइक पुढच्या वक्त्याच्या हातात दिला. आण्णा मान खाली घालून बसले होते. नंतर बिल्डर लॅबमध्ये फोटो काढायला आला आणि दाराशी ठेचकाळला. दार मिटू नये म्हणून अविनाशनं तिथं एक ढेकूळ लावलेलं आहे.

“कसला दगड हाय ह्यो?”

“तुमच्या रॅम्पचा तुकडा. चिरलाय, पण तुमच्या ब्रेकरनं त्याचे दोन झाले नाहीत.”

त्यानं फोटो बाहेर झाडाखाली काढून घेतला.

रोज सकाळी लॅब उघडली की मी ते ढेकूळ पायानं दाराला लावते आणि बिल्डरला एक शिवी हासडते. अविनाशही तसंच करायचा.