पाकिटावरची अंबिकाकाकू

मुखेडहून लक्ष्मम्माचा फोन आला तेव्हा अंबिका अंगणात वाल पाखडत होती. लक्ष्मम्मा तिची थोरली बहीण. फोनवर ‘कशी आहेस’ वगैरे विचारायची तिला सवय नव्हती, ती थेट तक्रारीलाच हात घालायची.

“अंबे, येसर कसलं केलीस गं यंदा? आमटीला उकळी आली आन् घरभर कुबट वास. सुनंनं ताट बाजूला सारलं.”

“कुठलं येसर, अक्का?”

“कुठलं म्हणजे? तुझंच की. पाकिटावर तुझं थोबाड छापलंय. स्टँडसमोरच्या दुकानातून आणलं. बहिणीला फुकट तर देत न्हाईस, निदान विकतचं तरी धड दे.”

अंबिका सूप हातात धरून तशीच उभी राहिली. पावसाळ्यापासून तिनं येसर भाजलंच नव्हतं.

तिला आठवतं तेव्हापासून येसर हेच तिच्या हातचं नावाजलेलं काम. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं, मग मसाल्याबरोबर दळायचं. आमटीत चमचाभर टाकलं की आमटी दाट होते आणि शेजारचं घर विचारतं, काय केलंय आज. अहमदपूरच्या बाजारातलं गुरुपादप्पांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, कापडाचं दुकान गिऱ्हाइकावाचून बंद पडलं आणि अंबिकेनं घरामागच्या पत्र्याच्या शेडात चुली मांडल्या. गल्लीतल्या, पलीकडच्या वस्तीतल्या बायका हाताखाली आल्या. भाजणीचं सगळं त्यातली, पलीकडच्या वस्तीतली बुद्धप्रिया बघायची. घाणा बिघडला तर तो चांगल्यात मिसळायचा नाही, सरळ म्हशीपुढं टाकायचा, हा शेडातला नियम. म्हैस शेजाऱ्यांची होती. ते गमतीनं म्हणायचे, “काकू, आज काही बिघडलं न्हाई का?”

मग वीरेश आला. थोरल्या दिराचा मुलगा. पुण्यात शिकून, दोन नोकऱ्या करून लातूरला परतलेला. बरोबर दोन भागीदार आणि एमआयडीसीत घेतलेली जागा. ओसरीवर बसून त्यानं अंबिकेला समजावलं होतं.

“काकू, लोक आता माल घेत न्हाईत, माणूस घेतात. मसाले ढिगानं हायेत. पण अहमदपूरची अंबिकाकाकू एकच हाय.”

“माझं तोंड बघून कोण मसाला घेणार रे?”

“तेच तर घेणार.” मग त्यानं गळ्यातलं इष्टलिंग शपथेसारखं मुठीत धरलं. “भट्टी इथंच राहील काकू. तुमच्या शेडात, तुमच्याच बायकांच्या हातून. मी फक्त विकणार.”

त्यानं पुढं केलेला कराराचा कागद वाचून बघावा असं अंबिकेला वाटलं नव्हतं असं नाही. पण लिंग हातात धरून बोललेल्या माणसापुढून उठून चष्मा शोधायला जाणं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणं. गुरुपादप्पा तर म्हणाले, “घरचं पोरगं हाय, परकं हाय का?” तिनं सही केली. वर वीरेशला शेवयांची खीर वाढली.

वर्षभर छान चाललं. गाडी यायची, पोती भरून जायची. फोटोसाठी तिला इरकल नेसवलं, कपाळाला विभूती लावली, हसायला लावलं. ते हसू नांदेडपासून उदगीरपर्यंत दुकानादुकानांत टांगलं गेलं. अमरेशला, तिच्या मुलालाही वीरेशनं कंपनीत घेतलं. बायको आणि लहान अक्षराला घेऊन तो लातूरला राहायला गेला. मग पावसाळ्यात गाडी यायची थांबली. “मार्केट मंदीत हाय काकू, थोडं थांबा,” वीरेश म्हणाला. अंबिका थांबली. तिनं सांगितलं म्हणून बायकाही थांबल्या.

बहिणीचा फोन ठेवून ती चौकातल्या किराणा दुकानात गेली. पाकीट हातात घेतलं. तारीख गेल्या महिन्याची. वर तिचाच चेहरा, खाली लिहिलेलं, ‘आमच्या अंबिकाकाकूंच्या हातचं’.

दुकानदार म्हणाला, “काकू, लई माल काढायलात. रात्रंदिन भाजता का काय?”

तिनं घरी येऊन अमरेशला फोन लावला. पाकिटावरची तारीख वाचून दाखवली.

“आई, मला वाटलं वीरेशदादानं सांगितलं असंल तुला.”

“काय सांगितलं असंल?”

“मशीन बसवलंय म्हणून.”

“आन् तू का सांगितलं न्हाईस?”

“मी मीटिंगमध्ये हाय. करतो नंतर.”

नंतर वीरेशच आला, पेढे घेऊन. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडलेल्या माणसाचं काही नव्हतं. उलट अंबिकेला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलणाऱ्या डॉक्टरासारखा तो बसला.

“ऑर्डरी एकदम वाढल्या काकू. थोडा माल मशीनवर काढून बघितला. एखादी बॅच गडबडली असंल.”

“गडबडली तर म्हशीला घालायची. माझं तोंड लावून मुखेडला कशाला पाठवायची?”

“एवढा माल म्हशीला घातला तर कंपनी म्हशीच्या नावानं करावी लागंल.” तो हसला. गुरुपादप्पाही हसले. अंबिका हसली नाही. तेव्हा तो पुढं सरकला. येळवशी, म्हणजे मार्गशीर्षातली शेतपूजेची वेळ अमावस्या, जवळ आली होती. “ऐका. येळवशीची जाहिरात काढायची हाय. तुमच्याच शेतात, सगळ्या जुन्या बायका घेऊन. ही जाहिरात चालली की हातभाजणीचा माल वेगळा काढू, जरा महाग. तो सगळा तुमच्या शेडात. बायकांना परत काम.”

“येळवशीला येसर आमटी कोण करतं रे?”

“कुणीच न्हाई. पण पुण्यामुंबईच्या लोकांना काय कळतंय? खोप, शेत, नऊवारी, म्हातारी. बस.”

अंबिकेला ‘म्हातारी’ टोचलं, पण तिनं ते गिळलं. तिच्या डोळ्यांपुढं शेडातल्या गार चुली होत्या. बायकांना काम परत मिळणार असेल तर एक दिवस कॅमेऱ्यापुढं बसायला तिचं काय जात होतं?

ती बुद्धप्रियाकडे गेली. बुद्धप्रिया आता एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जायची. हात पाण्यानं फुगून पांढरे पडलेले.

“येळवशीला शेतात ये. सगळ्याजणी या.”

“जेवायला बोलवायलात का फोटोला?”

“दोन्हीला,” अंबिका म्हणाली. “फोटो झाला की काम परत येतंय. वीरेशनं शब्द दिलाय.”

“तुम्हाला दिलाय. आम्हाला कुठं दिलाय?” बुद्धप्रियानं पदराला हात पुसले. “गल्लीत काय बोलायलेत माहीत हाय का? काकूनं लातूरला कारखाना काढला, पोराला साहेब केलं आन् आपल्याला हाकललं.”

“तुला खरं वाटतं?”

“पाकिटावर तुम्ही हसायलाव, काकू. मी काय मानावं?”

पण ती आली. सगळ्याच आल्या. येळवशीला शेतात बोलावणं आलं की नाही म्हणत नाहीत, एवढं एक कारण होतं. कामाची आशा हे दुसरं.

शेतात कडब्याची खोप उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून मांडलेले. गुरुपादप्पांनी पूजा केली, आंबील शिंपडत शेताला फेरा घातला. वर ड्रोन घोंघावत होता आणि ज्वारीतली पाखरं उठून दूर बाभळीवर जाऊन बसली होती. पहाटे उठून केलेली मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर असं सगळं खोपीच्या मागं झाकून ठेवायला वीरेशनं सांगितलं, कारण ते फ्रेममध्ये नको होतं. फ्रेममध्ये येसर आमटीचं पातेलं होतं. आमटी कारखान्याच्या पाकिटाची. अंबिकेला वाफेवरूनच कळलं, आणि चुलीजवळ बसलेल्या बुद्धप्रियालाही. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

“काकू, थोडं डावीकडं,” कॅमेरावाला मुलगा म्हणाला. चांगला, हसरा मुलगा होता. “त्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत कशा बसल्या होत्या तुम्ही, एक पाय दुमडून? तशाच बसा. एकदम नॅचरल वाटतं.”

“कुठला व्हिडिओ?”

“तोच हो. प्लँटमध्ये नवीन पोरांना दाखवतात तो. धणे कधी उतरवायचे, वास कसा ओळखायचा. अमरेशसरांनी काढलेला. मीच कापून दिला.”

अमरेश खोपीजवळ छत्री धरून उभा होता. त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली.

अंबिकेला गेल्या वर्षीच्या दिवाळीचा आठवडा आठवला. अमरेश जन्मात पहिल्यांदा तिच्या चुलीपाशी येऊन बसला होता. मोबाईल स्टँडवर लावून. “आई, आठवण राहील. पुढं अक्षराला दाखवायला.” किती प्रश्न विचारत होता! आता का हलवलंस? एवढीच आच का? वास आला म्हणजे नेमकं काय? पोराला आईच्या कामाची किंमत कळली म्हणून ती हुरळून गेली होती. कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, रोज, हौसेनं, त्याच्यासाठी चहा टाकता टाकता. वर लक्ष्मम्माला फोन करून सांगितलं होतं, पोरगं बदललं गं माझं. वीरेशनं तिचं नाव नेलं, फोटो नेला, ते एक. दिराचं पोरगं शेवटी दिराचं. पण हात तिच्या पोटच्या पोरानं नेले, आणि नेताना ती हसत बसली होती.

“अमरेश,” ती म्हणाली, “व्हिडिओ वीरेशनंच काढायला सांगितला होता?”

“आई, नोकरीचं होतं. दादा म्हणाला…” तो थांबला. “अक्षराला पण दाखवणारच होतो.”

अंबिका पाय सरळ करून उठली.

“काकू, लाइट चाललाय,” वीरेश म्हणाला.

“बायकांना काम देणार होतास ते कधीपासून?”

“ते बोर्डात ठरंल. मी मांडणार हाय.”

“म्हणजे ठरलेलं न्हाई.”

“काकू, धंद्यात असं…”

“माझं नाव मला परत दे. फोटो काढ पाकिटावरचा.”

वीरेशनं कॅमेरावाल्याला थांबायची खूण केली आणि आवाज खाली आणला. “नाव कंपनीचं हाय आता. उद्या तुम्हीच काही विकायला काढलंत तर त्यावर अंबिकाकाकू लिहिता येणार न्हाई. मी सांगायलोय म्हणून ऐका, वकील सांगण्यापेक्षा बरं. आन् न्हाई बसायचं तर नका बसू. जुना फोटो हाय, व्हिडिओ हाय. आमचं काही अडत न्हाई.”

गुरुपादप्पांनी पागोटं सारखं केलं आणि ज्वारीकडे बघत राहिले.

बुद्धप्रिया चुलीजवळून उठली. अंबिकेला वाटलं, आता ती काहीतरी धीराचं बोलेल. “तुमचं नाव गेलं, वाईट झालं काकू,” ती म्हणाली. “आमचं तर पाकिटावर कधी नव्हतंच. लिंगायताच्या घरचं म्हणून खपायचं, भाजायचे आमचे हात. तवा कुणी इचारलं न्हाई, तुम्हीबी न्हाई.”

अंबिकेनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

“जेवायला थांबशील?” तिनं विचारलं.

“भूक लागलीय,” बुद्धप्रिया म्हणाली. “थांबते.”

येळवशीला शेतातून कुणी उपाशी जात नाही. अंबिकेनं येसर आमटीचं पातेलं उचललं, बांधापलीकडं नेऊन पालथं केलं आणि खोपीमागचं जेवण पुढं आणलं. गोणपाटं अंथरली. कॅमेरावाला बसला, ड्रोनवाला बसला, वीरेश घड्याळ बघत बसला. बायका बसल्या. बुद्धप्रियाला तिनं गुरुपादप्पांच्या शेजारी बसवलं. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि सरकून जागा दिली.

दरवर्षी आंबील वाढायचं काम अमरेशचं असे. लहानपणापासून. सगळ्यांचं झाल्यावर मायलेक उरलेलं एका ताटात घेऊन बांधावर बसायचे. सवयीनं तो आंबिलीची बिंदगी, ती छोटी घागर, उचलायला वाकला.

अंबिकेनं बिंदगी आपल्याकडं ओढून घेतली. पंगतीत कॅमेरावाल्याच्या बाजूला एक पत्रावळ मांडली.

“बसा,” ती म्हणाली. “पाहुण्यांनी वाढायचं नसतं.”

“आई…”

“बसा हो. लांबून आलात.”

तो बसला. तिनं त्याला भज्जी वाढली, उंडे वाढले, आंबील ओतली, नको नको म्हणत असताना खीर वाढली. पाहुण्याला करतात तसा दोनदा आग्रह केला, आणि पुढच्या पत्रावळीकडं गेली.